वाचकांचे प्रश्न : सामू सांगणारा प्रकाशाचा धागा

मागच्या अंकातील शरीरातल्या आम्लतेवरच्या टिपणात ‘ऑप्टिकल फायबरच्या (प्रकाश वाहून नेणाऱ्या बारीक तंतूच्या) टोकाने थेट स्नायूतला सामू मोजता येतो’ असे एक वाक्य ओघात आले होते. त्या एका वाक्याविषयी रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांनी पत्रे पाठवली, म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे. सामू, म्हणजे पीएच, हे आम्लतेचे माप; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त. हा शब्द आपल्याकडे मुख्यतः माती परीक्षणाच्या अहवालामुळे घरोघरी पोचला. जांभ्याची आपली जमीन आम्लधर्मी, तेव्हा ‘सामू किती आला?’ हा प्रश्न कोकणातल्या शेतकऱ्याला नवा नाही. तोच प्रश्न जिवंत मांसाला कसा विचारायचा, हे येथे पाहू.

प्रश्न : मी एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. लावणीच्या दिवसांत लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचे) रुग्ण येतात, त्यांतल्या काहींची मूत्रपिंडे काम करीनाशी झालेली असतात. आम्ही मनगटाच्या धमनीतून रक्त काढतो, सिरिंज बर्फात ठेवतो आणि एबीजीला, म्हणजे धमनीच्या रक्तातला सामू व वायू मोजणाऱ्या तपासणीला, पाठवतो. रिपोर्ट हाती येईपर्यंत रुग्णाची अवस्था बदललेली असते. कधी सामू बरा दिसतो आणि हातपाय मात्र थंडगार असतात. हा धागा नेमके काय मोजतो, आणि रक्ताऐवजी मांसात मोजल्याने जास्त काय कळते? (परिचारिका, चिपळूण)

उत्तर : आपण टिपलेली विसंगती खरी आहे आणि तिला कारण आहे. धमनीतले रक्त हे फुप्फुसांतून नुकतेच बाहेर पडलेले रक्त असते. त्यातला कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे बराचसा निघून गेलेला असतो, आणि उरलेली आम्लता बायकार्बोनेट व हिमोग्लोबिन मिळून सांभाळून घेतात. रक्तदाब ढासळू लागला की शरीर मेंदू आणि हृदय यांचा पुरवठा शेवटपर्यंत राखते, आणि त्याची किंमत स्नायू, कातडी व आतडी यांना मोजावी लागते. तिथल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, प्राणवायू कमी पडतो, पेशी प्राणवायूवाचून साखर मोडू लागतात आणि त्यातून निर्माण होणारी आम्लता व कार्बन डायऑक्साइड वाहून न जाता तिथेच साचतात. जे रक्त त्या स्नायूत पोचलेच नाही, ते तिथली हकिकत घेऊन परत येणार तरी कसे? म्हणून धमनीतला सामू ७.३५ च्या वर असताना मांडीच्या स्नायूतला सामू खाली घसरू लागलेला असू शकतो.

ही घसरण आकड्यांत लहान दिसते, पण ती लहान नसते. सामूचे मोजमाप कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेन सोरेनसेन यांनी १९०९ साली मांडले. त्यात एक एकक म्हणजे दहापट फरक. ७.४ सामूच्या रक्तात एका लिटरमागे हायड्रोजन आयन अवघे ४० नॅनोमोल असतात, म्हणजे त्याच रक्तातल्या सोडियमच्या तुलनेत सुमारे ३५ लाख पटींनी कमी. सामू ७.४ वरून ७.१ वर आला की हे प्रमाण दुप्पट होते. इतक्या विरळ आयनांत होणारा बदल, तोही जिवंत मांसात आणि सतत टिपत राहायचा, हे या उपकरणापुढचे खरे काम आहे.

आता धाग्याकडे येऊ. फायबर स्वतः आम्लता ओळखत नाही. ते एका टोकाने प्रकाश आत नेते आणि परत आणते, इतकेच. ओळखण्याचे काम टोकावर बसवलेला रंग करतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जॉन पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेली रचना आजही समजावून सांगायला सगळ्यांत सोपी आहे. त्यांनी फिनॉल रेड हे रंगद्रव्य पॉलिअॅक्रिलअमाइडच्या अतिसूक्ष्म मण्यांना रासायनिक बंधाने पक्के बांधले, प्रकाश विखुरला जावा म्हणून त्यांत पॉलिस्टायरीनचे आणखी बारीक मणी मिसळले, आणि हे मिश्रण सेल्युलोजच्या बारीक नळीत भरून तिच्या तोंडात प्लास्टिकचे दोन तंतू बसवले. ही नळी आपल्या ओळखीची आहे. डायलिसिसच्या यंत्रात जी पोकळ तंतूंची जाळी असते, त्याच जातीचा हा पडदा, ज्यातून पाणी आणि आयन सहज जातात, पण प्रथिने आणि पेशी जात नाहीत. साऱ्याची जाडी सुमारे ०.४ मिलिमीटर होती, म्हणजे सुईतून स्नायूत सरकवता येईल एवढी.

फिनॉल रेड आम्लात पिवळे आणि आम्लारीत लाल असते. लाल रूप ५६० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषून घेते, पिवळे रूप तो जवळजवळ शोषत नाही. स्नायू आम्लधर्मी होऊ लागला की लाल रेणू कमी होतात आणि हिरवा प्रकाश अधिक प्रमाणात परत येतो. पण हिरवा प्रकाश कमी-जास्त होण्यास इतर कारणेही असतात. रुग्णाने कूस बदलली आणि तंतू वाकला, दिवा मंदावला, जोडणी किंचित सैल झाली, तरी परतणारा प्रकाश बदलेल. यासाठी हिरव्याबरोबर लाल प्रकाशही पाठवतात. लाल प्रकाशाला रंगद्रव्याच्या दोन्ही रूपांशी फारसे देणेघेणे नसते, त्यामुळे तंतू वाकल्याने जे नुकसान हिरव्याचे होते, जवळपास तेच लालचे होते, आणि दोहोंचे गुणोत्तर घेतले की ते नुकसान हिशेबातून निघून जाते. माझ्या मते या साऱ्या विद्येचे मर्म या गुणोत्तरात आहे. एकाच रंगाच्या प्रकाशावर चालणारे उपकरण कोणी दाखवले, तर त्याच्या आकड्यावर मी रुग्णाचा निर्णय सोपवणार नाही.

पीटरसन यांच्या टोकाने ७.० ते ७.४ या पट्ट्यात ०.०१ पर्यंतचा फरक दाखवला. पुढे प्रतिदीप्त रंगद्रव्ये आली, म्हणजे एका रंगाचा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगाचा देणारी. त्यांतले पायरानिन हे काही पिवळ्या हायलायटर पेनांच्या शाईत असते. त्याचे आम्लधर्मी रूप जांभळा प्रकाश घेते, दुसरे रूप निळा घेते, आणि दोन्ही हिरवा प्रकाश देतात. त्यामुळे आळीपाळीने जांभळा व निळा प्रकाश पाठवून इथेही गुणोत्तर काढता येते, आणि बाहेर जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रकाशाचे रंग वेगळे असल्यामुळे एकच तंतू पुरतो.

विजेच्या काचाग्राशी, म्हणजे प्रयोगशाळेतल्या सामूमापकाच्या काचेच्या इलेक्ट्रोडशी तुलना केली तर या धाग्याचे फायदे स्पष्ट आहेत. शरीरात वीज जात नाही. दुसरा संदर्भ-इलेक्ट्रोड लागत नाही. टोकात धातू नसल्यामुळे एमआरआयच्या चुंबकातही ते चालते, आणि शस्त्रक्रियेतले विजेवर चालणारे डायथर्मी यंत्र सुरू झाले म्हणून आकडा नाचत नाही. मात्र दोषही तितकेच खरे आहेत, आणि आपण प्रत्यक्ष रुग्णाजवळ उभ्या राहणाऱ्या असल्यामुळे ते सविस्तर सांगतो. प्रकाश सतत पडून रंगद्रव्य विटते. ते नीट बांधलेले नसेल तर पाझरते. टोकावर प्रथिनांचा थर बसतो, आणि काही तासांनी टोक स्नायूचा सामू सांगते की स्वतःभोवती साचलेल्या थराचा, असा प्रश्न उभा राहतो. तापमानाचाही परिणाम होतो : रक्ताचाच सामू दर अंश सेल्सियसमागे सुमारे ०.०१५ ने बदलतो, आणि थंड पडलेल्या पायाचे तापमान ३७ नसते. एबीजीचे यंत्र नमुना ३७ अंशांवर आणून मोजते, हे ध्यानात ठेवूनच दोन आकड्यांची तुलना करावी. १९८० आणि १९९० च्या दशकांत असे तंतू धमनीत ठेवून रक्तातला सामू व वायू सतत मोजण्याचे प्रयत्न झाले, काही उपकरणे बाजारातही आली. पण टोकाभोवती गुठळी धरणे, टोक धमनीच्या भिंतीला टेकणे आणि खर्च, यांमुळे ती नेहमीच्या वापरात रुजली नाहीत.

म्हणून आज आपल्या विभागात हा धागा नसणे ही काही आपल्या रुग्णालयाची उणीव नव्हे. हातपाय थंड आहेत, नखावर दाब देऊन सोडल्यावर लाली परतायला वेळ लागतो आहे, लघवी कमी होते आहे, ही निरीक्षणे स्नायूचीच भाषा बोलतात. रिपोर्ट बरा आला तरी ती डॉक्टरांना आवर्जून सांगत जा.

प्रश्न : हळदीचा डाग साबणाने लाल होतो. मग हळद वापरूनच असा सेन्सर का करू नये? शाळेत मुलांना दाखवता येईल असे काही सुचवाल का? (विज्ञान शिक्षक, दापोली)

उत्तर : दाखवण्यासाठी हळद उत्तम आहे, मोजण्यासाठी नाही, आणि हा फरक मुलांना कळला तर या विषयातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट कळली असे मी समजेन.

प्रत्येक दर्शकाचा, म्हणजे सामूनुसार रंग बदलणाऱ्या द्रव्याचा, एक मध्यबिंदू असतो. त्या सामूला त्याचे निम्मे रेणू एका रंगाचे आणि निम्मे दुसऱ्या रंगाचे असतात. मध्यबिंदूच्या आसपास सामू जरा हलला तरी रंग बदलतो. त्याच्यापासून एकेक एकक दूर गेले की जवळजवळ सगळे रेणू एकाच बाजूला गेलेले असतात आणि पुढचा बदल दिसेनासा होतो. हळद साधारण ७.४ पर्यंत पिवळीच राहते आणि ८.६ च्या सुमारास तांबूस होते. स्नायूचा सामू ७.२ असो की धोक्याचा ६.९, हळद दोन्ही वेळी पिवळीच. म्हणजे रुग्ण खालावत असताना हळदीला त्याचा पत्ताही लागणार नाही. कोकम आणि जास्वंद यांतली अँथोसायनिने आम्लात सुंदर लाल-गुलाबी दिसतात, पण उदासीन पट्ट्याजवळ त्यांचा रंग फिका आणि अस्थिर असतो. जिवंत ऊतींचा सारा खेळ ६.५ ते ७.५ मध्ये चालतो, आणि फिनॉल रेड किंवा पायरानिन यांची निवड त्यांचे मध्यबिंदू या पट्ट्याजवळ येतात म्हणूनच झाली. आणखी एक बारकावा असा की रंगद्रव्य मण्याला बांधले की त्याचा मध्यबिंदूही थोडा सरकतो. म्हणून पुस्तकातला आकडा घेऊन भागत नाही, तयार टोक ६.८४ आणि ७.३८ अशा ज्ञात सामूच्या द्रावणांत बुडवूनच त्याची मोजपट्टी ठरवावी लागते.

प्रयोग मात्र अवश्य करा. मी तो घरी केला आहे. शोभेच्या दिव्यातले प्लास्टिकचे दोन तंतू घ्या, प्रत्येकी हातभर लांबीचे. त्यांची एकेक टोके शेजारी-शेजारी ठेवून काळ्या चिकटपट्टीने बांधा, आणि हे बांधलेले टोक धारदार पात्याने सरळ कापा. तिरका काप पडला तर प्रकाश भलतीकडे जातो. हळद स्पिरिटमध्ये कालवून त्यात गाळणकागद भिजवा, वाळवा, आणि त्याचा मोहरीएवढा तुकडा या टोकावर टेकवून वरून पातळ मलमल गुंडाळून दोऱ्याने बांधा. एका तंतूच्या मोकळ्या टोकाला पांढऱ्या प्रकाशाचा टॉर्च लावा आणि खोली काळोखी करून दुसऱ्या तंतूच्या मोकळ्या टोकाकडे पाहा. तिथे पिवळसर ठिपका दिसेल. आता बांधलेले टोक चुन्याच्या निवळीत बुडवले की काही क्षणांत तो ठिपका मंद होत विटकरी होतो, आणि लिंबाच्या रसात बुडवले की परत पिवळा उजळतो. पहिल्यांदा मला वाटले की रंग लगेच बदलावा, पण मलमलीतून द्रावण आत झिरपायला वेळ लागतो. खऱ्या सेन्सरचेही असेच असते. तो काही सेकंदांपासून एक-दोन मिनिटांपर्यंत वेळ घेतो, आणि पडदा जितका जाड तितका उशीर. चुन्याची निवळी मुलांच्या डोळ्यांत जाणार नाही एवढी काळजी घ्या.

प्रश्न : मी इंटरनेटच्या फायबर जोडणीचे काम करतो. आमच्याकडे उरलेल्या केबलचे तुकडे पडून असतात. हाच फायबर वापरतात का? (केबल तंत्रज्ञ, कुडाळ)

उत्तर : तत्त्व एकच, तंतू वेगळा. आपल्या केबलमधल्या काचेच्या तंतूची जाडी आवरणासह १२५ मायक्रॉन असते, पण प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो आणि त्यातून १३१० किंवा १५५० नॅनोमीटरचा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जातो. वर सांगितलेली रंगद्रव्ये त्या प्रकाशाची दखलच घेत नाहीत, त्यांना दृश्य प्रकाश लागतो. शिवाय मण्यांवरून विखुरलेला दुबळा प्रकाश परत गोळा करायचा तर गाभा रुंद हवा, म्हणून शंभर मायक्रॉनहून जाड गाभ्याचे तंतू किंवा प्लास्टिकचे तंतू घेतात. तुटलेल्या काचतंतूचा कण बोटात रुतला तर तो दिसतही नाही आणि निघतही नाही, हे आपल्याला कामातून ठाऊक असेलच. शरीरात जाणाऱ्या टोकाला आवरण का लागते, हे त्यावरून लक्षात येईल. तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेता येते हे १९५४ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्यासह दाखवून देणारे नरिंदर सिंग कपानी हे पंजाबातल्या मोगा गावचे होते. शरीराच्या आत पाहणे हा या तंतूचा फार जुना उपयोग आहे, संदेशवहन त्यानंतरचे.

प्रश्न : माझ्या सुनेच्या बाळंतपणात बाळाचे ठोके कमी-जास्त होऊ लागले म्हणून डॉक्टरांनी सीझर केले. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. नंतर डॉक्टर म्हणाले की काही ठिकाणी बाळाच्या डोक्यावरून रक्ताचा थेंब घेऊन आम्लता पाहतात. हा धागा असता तर शस्त्रक्रिया टळली असती का? (एक आजी, गुहागर)

उत्तर : प्रथम आपल्या घरातल्या दोघांचे क्षेम वाचून आनंद झाला. डॉक्टरांनी सांगितले ते बरोबर आहे. प्रत्येक कळेबरोबर वारेकडे जाणारा रक्तपुरवठा काही काळ घटतो, आणि बाळाला प्राणवायू कमी पडत राहिला तर त्याच्या रक्तात आम्लता वाढते. ठोक्यांच्या आलेखावरून संशय येतो, पण आलेख बिघडलेला असूनही बाळ ठणठणीत असणे हे वारंवार घडते. म्हणून बर्लिनचे एरिख झालिंग यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, पाणमोट फुटल्यावर बाळाच्या डोक्याच्या कातडीतून रक्ताचा थेंब घेऊन सामू पाहण्याची पद्धत रूढ केली. सामू ७.२५ च्या वर असेल तर कळा चालू ठेवाव्यात, ७.२० ते ७.२५ मध्ये असेल तर अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे, आणि ७.२० च्या खाली गेला तर बाळंतपण लवकर उरकावे, असा त्याचा साधारण संकेत आहे.

दर अर्ध्या तासाला थेंब घेण्याऐवजी डोक्याच्या कातडीत एक टोक बसवून सामू सतत पाहता येईल का, हा विचार साहजिक होता. आधी काचेचे इलेक्ट्रोड आणि मग प्रकाशतंतू, दोन्ही वापरून पाहण्यात आले. पण त्या वेळची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. टोक काही मिलिमीटर कातडीत रोवायचे, डोके खाली सरकत असते, आई वेदनेने कूस बदलते, आणि दाबामुळे बाळाच्या डोक्याच्या कातडीवर सूज येते. सुजलेल्या कातडीत रक्त आधीच कमी फिरते. तिथला सामू उतरला म्हणजे बाळाचा उतरला असे म्हणता येत नाही. पहिल्या उत्तरात स्नायूचा सामू रक्ताच्या आधी बोलतो, हे मी त्याचे बलस्थान म्हणून सांगितले. इथे तेच त्याचे दुबळेपण ठरते, कारण इथे आपल्याला एका जागेची नव्हे, साऱ्या बाळाची खबर हवी असते. त्यामुळे ही पद्धत नेहमीच्या वापरात आली नाही. शस्त्रक्रिया टळली असती की नाही हे आज कोणीच सांगू शकणार नाही. त्या घटकेला हाती असलेल्या आलेखावरून घेतलेल्या निर्णयाबद्दल मनात किंतु ठेवू नये, असे मी आपल्याला मनापासून सांगेन.

प्रश्न : हापूसमध्ये साका निघतो. वरून फळ देखणे, कापल्यावर बाठ्याजवळ पांढरट, आंबट, स्पंजासारखा गर. पेटी गेलेल्या गिऱ्हाइकाकडून तक्रार आली की मान खाली जाते. हा धागा फळात घालून कापण्याआधी साका ओळखता येईल का? (बागायतदार, देवगड)

उत्तर : आपला प्रश्न मला या साऱ्या पत्रांत सर्वांत आवडला, कारण झाडावरून उतरवलेला आंबा हीसुद्धा जिवंत ऊतीच आहे. आढीत तो श्वास घेतो, उष्णता सोडतो, आणि त्याच श्वासोच्छ्वासात त्याचे आम्ल खर्च होऊन पिठाची साखर होते. साक्याच्या गरात हेच काम अडून बसते. त्यामुळे त्यात निरोगी गरापेक्षा आम्ल जास्त आणि साखर कमी असते. म्हणजे सामूवरून दोहोंतला फरक कळायला हवा, हा आपला तर्क शास्त्राला धरून आहे.

अडचण अशी की रुग्णासाठी केलेला धागा इथे आंधळा ठरेल. कच्च्या आंब्याच्या गराचा सामू ३ च्या आसपास असतो आणि पिकल्यावर तो ४ च्या पुढे जातो. तिथे फिनॉल रेड कायमच पिवळे राहील. त्याऐवजी ३.८ ते ५.४ या पट्ट्यात पिवळ्याचे निळे होणारे ब्रोमोक्रेसॉल ग्रीन, किंवा ३.० ते ४.६ मध्ये बदलणारे ब्रोमोफिनॉल ब्लू घ्यावे लागेल. दुसरी अडचण गराच्या स्वतःच्या रंगाची. केशरी गरातली कॅरोटिनॉइडे निळा प्रकाश भरपूर शोषतात, आणि सुईच्या जखमेतून हवा लागली की आसपासचा गर तपकिरी होऊ लागतो. टोकावरचे रंगद्रव्य उघडे असेल तर यंत्र सामूऐवजी गराचा रंग वाचेल. म्हणून रंगद्रव्याच्या बाहेर प्रकाश अडवणारा पण आयन जाऊ देणारा काळा थर द्यावा लागतो. रक्तात वापरायच्या टोकांनाही, हिमोग्लोबिनच्या लाल रंगाने फसू नये म्हणून, असा थर देतात.

हे सारे जमले तरी सुई बाठ्याजवळ पोचायला साल आणि गर भोसकावा लागतो, आणि भोसकलेले फळ पेटीत भरता येत नाही. त्या छिद्रातून बुरशी शिरते आणि फळ दोन दिवसांत सडते. तेव्हा पेटीतले प्रत्येक फळ तपासण्यासाठी हा धागा नाही. त्यासाठी फळ न फोडणाऱ्या पद्धती हव्यात, आणि साक्यामुळे गरात पोकळ्या पडत असल्याने क्ष-किरणांनी तो पाहण्याचे प्रयोग झालेले आहेत.

धाग्याचा खरा उपयोग मला दुसरीकडे दिसतो. साका बाठ्याकडून सुरू होऊन बाहेर पसरतो, आणि फळ झाडावर असतानाच आतल्या बीला उगवणीची चाल लागणे हे त्याचे एक कारण मानले जाते. झाडावरच्याच थोड्या फळांत असा बारीक तंतू बाठ्यापाशी आणि दुसरा सालीजवळ बसवून, उन्हाचा तडाखा वाढतो त्या दिवसांत दोन्हीकडचा सामू सतत टिपत राहिले, तर आम्ल खर्च होणे नेमके कोणत्या दिवशी आणि कोणत्या थरात थांबते ते दिसेल. कापलेल्या फळावरून हे कधीच कळत नाही, कारण कापणे म्हणजे एकदाच पाहणे. अशी दहा-वीस फळे संशोधनासाठी खर्ची पडली तरी बागायतदाराचे नुकसान नाही. तोवर आपल्या हाती असलेले उपायच खरे. फळ झाडावर पुरते पिकू न देता चौदा आणे (सोळापैकी चौदा भाग) तयारीला काढणे, आणि तापलेल्या जमिनीची झळ फळांना लागू नये म्हणून झाडाखाली पालापाचोळ्याचे आच्छादन करणे.

प्रश्न : लिलावात बांगडा ताजा आहे की शिळा हे असे यंत्र खुपसून कळेल का? (मासळी व्यापारी, हर्णै)

उत्तर : एका आकड्यावरून कळणार नाही. मासा मेल्यावर स्नायूत उरलेल्या ग्लायकोजेनचे लॅक्टिक आम्ल होते आणि ७ च्या जवळचा सामू ६.५ च्या खालीही उतरतो. पुढे जिवाणूंमुळे अमोनियासारखी द्रव्ये साचली की तो पुन्हा वर चढतो. म्हणजे ६.७ हा आकडा उतरताना मिळाला असेल तर मासा ताजा, आणि चढताना मिळाला असेल तर टाकून देण्याजोगा. बर्फातल्या एकाच माशात टोक ठेवून तासातासाने पाहिले तर दिशा कळते, पण लिलाव तेवढा वेळ थांबत नाही. शिवाय बांगड्यासारख्या माशात उन्हात राहिल्यामुळे तयार होणारे हिस्टामिन, ज्याने खाणाऱ्याच्या अंगावर लाल चट्टे उठतात, ते सामूवरून ओळखता येत नाही. मासा नंतर शिजवला तरी ते नष्ट होत नाही, म्हणून होडीवर मासळी चढल्याबरोबर तिच्यावर बर्फ पडला पाहिजे.